शाईफुलांचं बी

४ तारीख, रविवार दुपार

ती. वहिनींना सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांची पाठ तेवढी ठीक नाही, पण ती कधीच ठीक नसते, म्हणून तिला 'सगळं ठीक'मध्येच धरा. तुमचा डोळा कसा आहे? चिमणी म्हणत होती की पट्टी निघाली, पण आत थोडी सूज आहे आणि डॉक्टरांनी वाचन, शिवण सगळं अजून बंद ठेवलंय. ऐका हो त्यांचं. लेकीच्या घरी आहात तर चार दिवस आयतं खा. तुम्हाला हात बांधून बसायला लावणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं आहे, हे मला माहीत आहे, पण तरी.

हे पत्र चिमणीच वाचून दाखवत असेल. चिमणे, लहानपणी धडा वाचताना मधल्या ओळी गाळायचीस, तसं करू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मला काही सुचत नाही. तुमचा पहिला प्रश्न बागेचा असतो, आणि मी इकडे बोलायला लागेपर्यंत कुणीतरी दवाखान्याची घंटी वाजवतं. ह्या आठवड्यात आमच्या दातांच्या दवाखान्यात काय झालं ते ऐका. एक आजोबा आले. डॉक्टरांनी सांगितलं, "आ करा." आजोबांनी आ केला. डॉक्टरांचं बोट आत आणि आजोबांनी तोंड मिटलं! डॉक्टर ओरडले, तर आजोबा म्हणतात, "उघडं ठेवा असं कुठं म्हणालात?" मी टेबलाखाली वाकून पेन शोधायचं सोंग केलं. इतकं हसले की डोळ्यांत पाणी आलं.

बागेचं म्हणाल तर हंगाम उतरला. झिनियाने माना टाकल्यात. कॉसमॉसच्या नुसत्या काड्या राहिल्यात. सकाळी दार उघडलं की गारवा जाणवतो. तुमचा खिडकीखालचा शाईफुलांचा वाफा मात्र अगदी नीटनेटका आहे. एकही वाळकं फूल दिसणार नाही.

समोरच्या शिक्षिका परवा कुंपणापाशी उभ्या राहून विचारत होत्या, हे ॲस्टर कुठल्या रोपवाटिकेतलं. मी सांगितलं, कुठल्याच नाही. चिमणी शाळेत होती तेव्हा एका साध्या पुडीतून एकच रोप वेगळं निघालं, पांढऱ्या पाकळ्या आणि कडेला टीपकागदावर शाई उतरावी तसं निळं. आमच्या वहिनींनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, तेव्हापासून दरवर्षी त्याचंच बी धरलं, भलत्या रंगाचं रोप दिसलं की कळीतच उपटलं, आणि आता ते जगात फक्त आमच्या खिडकीखाली आहे. त्या ऐकतच राहिल्या.

बियाचं काय, हे तुम्ही विचारणारच. ते सावकाश लिहीन. आता ह्यांची पाठ शेकायची आहे. तुमच्या खालच्या घराच्या खिडक्या रोज उघडते, शिवणाच्या मशीनवर चादर घातली आहे. काळजी नसावी.

तुमची
धाकटी


१३ तारीख, मंगळवार

ती. वहिनींना सा. नमस्कार.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "बी सुकलं का गं? डबीत घातलंस का?" आणि मी म्हटलं आवाज येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज येत होता. अगदी शेजारी बसल्यासारखा येत होता.

वहिनी, बी नाही.

आता मी काय सांगते ते शांतपणे ऐका. तुम्ही गेलात त्या सकाळी गाडीत बसल्यावर काचेतून मला शेवटचं बजावलंत. गाडीचं इंजिन चालू होतं, चिमणी पुढून ओरडत होती, आई उशीर होतोय. मला जे ऐकू आलं ते असं: "शाईफुलं सुकली की काढून टाक." मी मान डोलावली. तुम्हीही हात हलवलात.

तर मी टाकली. जसजशी सुकली तसतशी काढली आणि टाकली. वाफा स्वच्छ राहावा म्हणूनच तुम्ही सांगितलं असणार असं मला वाटलं. तुम्ही 'काढून ठेव' म्हणाला असाल हे आत्ता, तुम्ही डबीचं विचारल्यावर डोक्यात आलं. ठेव आणि टाक, एवढ्याशा शब्दाने घोळ केला. दोन अक्षरांत इतक्या वर्षांची मेहनत गेली. मला तर कालपासून घास गोड लागत नाही.

ह्यात दोष कुणाचाच नाही, असं हे म्हणतात. इंजिनाचा असेल फार तर. किंवा घाईत तुमच्याही तोंडून 'टाक' निघालं असेल. डोळ्याच्या ऑपरेशनची धास्ती होती, माणूस बोलायला जातं एक आणि निघतं दुसरं. मी तर शपथेवर सांगते, मला 'टाक'च ऐकू आलं.

आता झाडांवर फुलं नाहीत. काही खुरट्या कळ्या आहेत, पण थंडी पडायच्या आत त्यांचं बी तयार होईलसं दिसत नाही. गेल्या वर्षीचं बी तुम्ही यंदा सगळं पेरलंत, कारण ॲस्टरचं बी जुनं झालं की उगवत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं आहे. म्हणजे मागचंही काही शिल्लक नसणार. मी तुमच्या शिवणाच्या पेटीतही पाहिलं. बटणं निघाली.

कुठून तरी मिळवता येतं का बघते. तुम्ही रागावू नका. डोळ्यावर ताण येईल.

तुमची
धाकटी


२५ तारीख, रविवार

वहिनी,

हे पत्र चिमणीने वाचून दाखवायचं नाही, तुम्ही स्वतः वाचायचं आहे. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. एका वेळी वाचवलं नाही तर थोडं थोडं वाचा, पण पूर्ण वाचा. पत्र उघडून चिमणीच्याच नजरेला पडलं, तर चिमणे, तूही वाच. मी त्याच लायकीची आहे.

माझं मागचं पत्र पोचल्यावर तुम्ही फोन केलात. मी कानाला फोन लावून उभी होते. आणि तुम्ही म्हणालात, "अगं माझ्याच तोंडून टाक निघालं असणार. जाऊ दे. फुलंच ती." मग ह्यांची पाठ कशी आहे ते विचारलंत.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. संध्याकाळी मी गाणं गुणगुणत भांडी घासली. हे सुद्धा म्हणाले, आज स्वारी खुशीत दिसते.

परवा चिमणीचा दवाखान्यात फोन आला. एरवी ती घरी करते. म्हणाली, "काकी, आईला काय झालंय कळत नाही. काही बोलली की लगेच विचारते, मी आता काय म्हटलं? गॅस बंद केलाय का बघायला पुन्हा पुन्हा उठते. डॉक्टर डोळा तपासत होते तर त्यांना म्हणते, डोळ्याचं राहू द्या, डोकं तपासा. बोलायचं एक असतं आणि निघतं भलतंच." मग म्हणाली, "आई म्हणते आता तिकडे एकटीने राहण्यात अर्थ नाही. खालचं घर रिकामं करा, मशीन कुणा गरजू बाईला देऊन टाका. एवढी हट्टी माझी आई, एकदाही रडली नाही गं, नुसती समजूतदारपणे बोलते. मला भीती वाटते."

माझ्यासमोर एक बाई गाल सुजवून बसल्या होत्या. मी त्यांना आत पाठवायचंच विसरले.

वहिनी, तुमच्या तोंडून 'टाक' निघालं नव्हतं. तुम्ही 'काढून ठेव' म्हणालात. स्पष्ट म्हणालात. इंजिन चालू होतं, पण मला बहिरेपण आलेलं नाही. आणि ते शेवटचं बजावणं होतं. आदल्या संध्याकाळी तुम्ही मला वाफ्यापाशी नेऊन एक वाळकं फूल तळहातावर चुरून दाखवलं होतंत, बी कुठलं आणि भुसा कुठला ते. ज्या फुलांचं बी धरायचं त्यांच्या देठांना तुम्ही लाल दोरा बांधला होता, मशीनवरचाच, तुमच्या त्या बारीक गाठीने. मला म्हणालात, "एवढ्या वाफ्याला मी कुणाला हात लावू देत नाही, तुला माहीत आहे. पण यंदा तूच." मला तेव्हा बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं.

मग मी असं का केलं? हे मी चार वेळा लिहून फाडलं आहे. आता फाडणार नाही.

तुम्ही गेल्यावर छत्रीवाले आले. आपल्या वसाहतीचे सेक्रेटरी, ऊन असो की नसो, काखेत छत्री. बागांच्या स्पर्धेसाठी नाव मागायला दरवर्षी येतात आणि दरवर्षी तुम्ही त्यांना वाटेला लावता. "बाग काय कापड आहे, गिऱ्हाईकापुढे उलगडून दाखवायला?" म्हणता. मी त्यांना सांगायला गेले की वहिनी नाहीत. तर ते वाफ्याकडे बघत म्हणाले, "बाई, ह्या बागेला पहिलं बक्षीस कुणी अडवू शकत नाही. एवढी वाळकी फुलं काढा फक्त, परीक्षकांना ती दिसली की गुण जातात. नाव कुणाचं घालू?"

मी म्हटलं, "माझं घाला."

इतक्या पटकन म्हटलं वहिनी, की मलाच वाटलं हे कोण बोललं. पण नंतर दुरुस्त करायला सबंध आठवडा होता. नाही केलं.

परीक्षक यायच्या सकाळी मी वाफ्यापुढे उभी राहिले. निम्मी फुलं ताजी, निम्मी तपकिरी, माना खाली घातलेली, आणि मधे मधे तुमचे लाल दोरे. मला ते गबाळं दिसलं. तुम्हाला त्यात पुढच्या वर्षीचा वाफा दिसत असणार. मला गबाळं दिसलं. आधी वाटलं, दोरा बांधलेली ठेवू, बाकीची काढू. मग तीच सर्वांत जास्त डोळ्यांत यायला लागली. म्हटलं, झाडावर अजून कळ्या आहेत, त्यांचं धरू. मनाची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो! सगळी कापली. दोऱ्यांसकट कापली. आणि आता लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहिते, माझी कात्री सापडेना म्हणून तुमच्या कापडाच्या कात्रीने कापली. ज्या कात्रीने तुम्ही चिमणीला कधी कागदाचा कपटाही कापू दिला नाहीत, तिने. सगळं पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिलं.

परीक्षक आले. त्यातल्या एक बाई खाली वाकून म्हणाल्या, "हा रंग कुठेच पाहिला नाही. किती वर्षांची मेहनत आहे तुमची?" मी हसले. लोक समजले, विनयाने हसली.

पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या शिक्षिका दरवर्षी पहिल्या असतात, त्या दुसऱ्या आल्या. त्यांनी मला विचारलं ते खरं आहे, पण मी त्यांना तुमचं नाव सांगितलं असं तुम्हाला लिहिलं ते खोटं. मी त्यांना सांगितलं, "मीच वाढवलं हळूहळू."

त्यानंतर लोक बघायला यायला लागले. बायका यायच्या, 'तुमची बाग, तुमची बाग' म्हणायच्या, आणि मी प्रत्येकीच्या हातात फुलांचा गुच्छ ठेवायचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार! ज्या कळ्यांचं बी धरणार होते त्या उमलल्या की कुणाच्या तरी फुलदाणीत गेल्या. एकीला नाही म्हणावं तर दुसरीला कसं दिलं, असं व्हायचं. खरं सांगू? नाही म्हणावंसं वाटलंच नाही. 'टाक' ऐकू आलं म्हणे! मला जे ऐकायचं होतं ते त्या बायका बोलत होत्या.

तुमच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी कधी बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही मला कधी टाकून बोलला नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातून दूध उतू गेलं की तुम्ही पुसून टाकायचात, कुणाला कळायच्या आत. मोठे भाऊजी गेल्यावरसुद्धा तुम्हीच आम्हाला धीर दिलात. पण वहिनी, इतक्या चांगल्या माणसाच्या वरच्या मजल्यावर राहणं फार अवघड असतं. येणारा जाणारा म्हणतो, मोठीच्या हाताला चव आहे, मोठीच्या शिवणीला सफाई आहे, मोठी म्हणजे मोठीच. मी काही वाईट नाही हो. पण तुमच्याशेजारी उभी राहिले की मला कुणी बघतच नाही. एकदा, एकदाच, तुम्ही नव्हतात आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्याची चटक लागली. हे लिहिताना कान तापलेत माझे.

आणि एवढं करून मी ते तुमच्याच जिभेवर ढकललं. बी गेलं ते एक. पण 'तुमच्या तोंडून निघालं असेल' हे मी मुद्दाम लिहिलं होतं. मला माहीत होतं की तुम्ही ते लगेच स्वतःवर घ्याल. तुमच्या चांगुलपणाचा इतका अंदाज मला आहे, त्याच जोरावर लिहिलं. तुम्ही स्वतःचं डोकं तपासायला निघाल एवढं मात्र मला वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी रोपवाटिकेतून एक पुडी आणली होती. पांढरं-निळं मिश्र ॲस्टर. ते तुमच्या डबीत ओतून 'थोडं सापडलं' म्हणून पाठवणार होते. वर्षभराने उगवलं असतं तेव्हा बघता आलं असतं. पुडी पर्समध्ये होती तेव्हाच चिमणीचा फोन आला. ती पुडी मी दवाखान्याच्या कुंडीत रिकामी केली आहे.

काल छत्रीवाल्यांकडे गेले, म्हटलं बाग वहिनींची आहे, बक्षीस परत घ्या. ते म्हणाले, "अहो, घर एकच ना! जाऊ-जाऊंत काय तुझं-माझं. फलकावर नाव लागलंय आता." दार लावून घ्यायला लागले तर मी पायरीवर बसले. शेवटी वैतागून नाव खोडायला कबूल झाले. तिथून समोर गेले. शिक्षिका दारातच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला संशय होताच," आणि आत गेल्या. मला पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

ज्यांना ज्यांना गुच्छ दिले त्यांच्या घरी जाऊन आले. फुलं सडली म्हणून फेकून दिली होती सगळ्यांनी. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंनी मात्र गुच्छ उलटा टांगून वाळवला होता. त्यातून जे निघालं ते कागदात बांधून सोबत पाठवते आहे. त्यात जीव आहे की नाही, मला कळत नाही.

मला माहीत आहे की तुम्ही काय कराल. पत्र वाचाल, घडी घालाल आणि फोनवर म्हणाल, जाऊ दे गं. पाया पडते, ह्या वेळी तसं म्हणू नका. रागवा. माझं एवढं वय झालं तरी मला अजून तुमचा राग माहीत नाही. मला तुमच्या माफीची इतकी सवय झाली आहे की तिच्या भरवशावर मी वाटेल ते करून बसते.

खालचं घर रिकामं करू नका. तुमची जीभ चुकलेली नाही, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. चुकलं ते माझं एकटीचं.

अपराधी,
धाकटी


२९ तारीख

धाकटीस,

अक्षर वेडंवाकडं आलंय. डोळ्याला पाणी येतं म्हणून थांबून थांबून लिहिते आहे. चिमणी म्हणाली, मी लिहून देते. मी नको म्हटलं. हे तिने लिहायचं नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा भिंगाने, दुसऱ्यांदा रागाने.

लाल दोरे मी बांधले होते हे मला पक्कं आठवत होतं. फेकायच्या फुलांना कोण दोरा बांधतं? पण तू शपथेवर लिहिलंस. मग मला वाटलं, दोरे बांधल्याचंच मी मनात रचत असेन. रोज डोळे मिटून मी तो वाफा आठवायची आणि देठ मोजायची, कुठे कुठे दोरा होता ते. आणि मग स्वतःला सांगायची, बाई, हे खरं नाही, तुझं डोकं फिरलंय. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून मी माझ्या हातांना खोटं पाडलं. फुलांचं मी सोसलं असतं. ह्याचं काय करू?

तुझं सगळं वाचून कळलं. वरच्या मजल्याचंही कळलं. ते मला आधी दिसायला हवं होतं, ते मी माझ्याकडे घेते. पण म्हणून तुझा भार हलका होत नाही. कात्रीचं वाचून मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

कागदातलं बी पाहिलं. नखाखाली दाबलं. पोचट आहे. शाईफूल संपलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली की मी घरी येणार आहे. माझ्या घरी. मशीन कुणाला द्यायचं नाही. वाफा तसाच पडू दे, खणू नकोस, त्यात काही लावू नकोस, फुलझाडं आणून ठेवू नकोस. त्यात काय करायचं ते मी येऊन बघेन. तोवर फोन करू नकोस. मी आले की वरून खाली यायचं, आणि मी काय बोलते ते उभं राहून ऐकायचं. खूप बोलणार आहे. तू मागितलंस ना, मग ऐकून घे. रडायचं नाही. तू रडलीस की मी 'जाऊ दे' म्हणेन, आणि मला ते म्हणायचं नाही.

भाऊजींच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी कमरेखाली ठेवायची, वर नाही. हे तुला आधीही सांगितलं आहे.

आशीर्वाद आज हातून लिहवत नाही. समोर आलीस की बघू.

मोठी